खारीसरची फुटकी वजनं

६ जानेवारी १९६४, सोमवार

दुपारी एक बाई दुकानात आल्या, हातात लाकडी खोका. शनिवार पेठेतल्या माझ्या दुकानात बायका येतात त्या भाजीवाल्या, पारड्याची साखळी तुटली म्हणून. या चष्मेवाल्या, खांद्याला शबनम. आधी त्यांनी माझी पाटी मोठ्याने वाचली. "हुसेन शिकलगार, तराजू, काटे व वजने यांची सरकारमान्य दुरुस्ती." मग म्हणाल्या, "सरकारमान्य आहात म्हणजे वेळेवर द्याल अशी अपेक्षा ठेवत नाही. पण नीट द्याल का?"

मी म्हटलं, "नीट देईन, आणि वेळेवर दिलं तर आपण पाटी बदलायला सांगणार नाही ना?"

त्या हसल्या. सुहासिनी लिमये नाव. कॉलेजात उत्खननाच्या खात्यात संशोधन करतात. खोक्यात काचपेटीतल्या नाजूक काट्याची पितळी दांडी होती. दांडीखालची धार एका कोपऱ्याला झिजली आहे. ही धार अकीक दगडाची असते. एवढ्या बारीक कामाला हात लावून सहा वर्षं झाली. शेर-छटाक गेले, किलो आले, तेव्हापासून माझ्याकडे नुसती पारडी घासायची कामं. संध्याकाळी मुद्दाम ही वही काढली. चांगलं काम आलं की लिहावंसं वाटतं.

११ जानेवारी, शनिवार

दांडी बसवायला स्वतः गेलो. खातं डेक्कनवरच्या एका बंगल्यात आहे. काटा समपातळीत आणायला दोन तास लागले. खालची फरशी कलती, त्याला मी काय करणार! शेवटी पाचरीऐवजी पोस्टकार्ड दुमडून घातलं.

काम झाल्यावर सुहासिनीबाईंनी टेबलावरचा एक दगड उचलून पारड्यात ठेवला, काटा चालतो का बघायला. फाशासारखा चौकोनी, पण ठिपके नाहीत. बाजू आरशासारख्या, आत तपकिरी-पांढरे पट्टे. माझ्या अंगठीत आहे तसाच अकीक.

"हे कसलं?" मी विचारलं.

"वजन आहे. सौराष्ट्राच्या किनाऱ्याला खारीसर नावाचं टेकाड आहे, त्याच्या पोटातून निघालं."

"किती जुनं?"

"चार हजार वर्षं. शंभर-दोनशे इकडे तिकडे."

मी तो पारड्यातून उचलला. तळहातावर ठेवला. माझे आजोबा पेशव्यांच्या वेळच्या वजनाची गोष्ट सांगत, ती मला जुनी वाटायची. इथे कडा बघा, काटकोन बघा. कुणा माणसाने महिनाभर बसून घासला असेल. चार हजार वर्षांपूर्वी माझ्या धंद्याचा माणूस होता. हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

खात्याचे प्रमुख डॉ. दिगंबर पानवलकर तेवढ्यात आले. उंच, सावकाश बोलणारे. म्हणाले, "शंभरावर वजनं आहेत, हुसेनभाई. सगळ्यांची वजनं घेऊन तक्ता करायचाय. सुहासिनीला चित्रं काढायची आहेत. तुम्ही याल का?"

दुकान दुपारनंतर बंद ठेवलं तर कोणाचं काय अडणार आहे? हो म्हटलं.

१८ जानेवारी, शनिवार

रमजानचा दुसरा रोजा. दुपारी दोन ते सूर्यास्ताच्या, मगरिबच्या नमाजेआधीपर्यंत बंगल्यावर. बारा वजनं झाली. पारड्यात दगड, दुसऱ्या पारड्यात पितळी वजनं, आणि शेवटी पत्र्याची चिमुकली वजनं चिमट्याने. काटा थांबेपर्यंत श्वास धरायचा. उपाशी पोटी हात जास्त स्थिर राहतो, हे मी सुहासिनीबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आमच्या खात्यात सगळ्यांना रोजे लावायला हवेत."

२२ जानेवारी, बुधवार

बंगल्यातला दिवा फार मंद आहे. बोललो तर सुहासिनीबाई म्हणाल्या, शंभर वॅटचा आहे. आजकाल दिवेसुद्धा कसले बनवतात! आमच्या दुकानातही तेच. पत्र्याच्या वजनांवर आकडे इतके बारीक कोरले आहेत की दोन आणि पाच सारखेच दिसतात. बनवणाऱ्याला अक्कल नाही.

येताना लकडी पुलावर सायकल हातगाडीला घासली. कार्पोरेशनने पूल तरी नीट उजळावा. उद्यापासून चालतच जाईन. तब्येतीला चांगलं.

३० जानेवारी, गुरुवार

पन्नास वजनांचा तक्ता डॉक्टरांनी पाहिला. मला वाटलं, खूश होतील. ते म्हणाले, "मला वाटलंच होतं."

मग त्यांनी समजावलं. चार वर्षांपूर्वी त्यांनी खारीसरवर पुस्तक लिहिलं. त्यात म्हटलं आहे की ते नगर नव्हतं, मोठं गाव होतं. तिथे कारागीर वजनं घडवून बाहेर विकत. वेशीजवळच्या एका खड्ड्यात वजनांच्या तुकड्यांचा ढीग सापडला, तो त्यांच्या मते कारखान्यातला टाकाऊ माल. "आणि बघा," तक्त्यावर बोट ठेवून म्हणाले, "एकाच आकाराची वजनं, पण आकडे इकडे तिकडे पळतात. तेरा पूर्णांक तीन ग्रॅम, तेरा पूर्णांक नऊ. ठरलेलं माप असं नव्हतंच. प्रत्येकाने आपल्या अंदाजाने घडवलं."

मी मान हलवली. पण मन मानेना. ज्या माणसाने असा काटकोन काढला तो अंदाजाने काम करेल? घासून घासून आरसा करणारा हात आणि तोलताना 'चालतंय' म्हणणारा हात एकाच माणसाचे असूच शकत नाहीत. पण आकडे आकडे आहेत. मीच काढलेत.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज फार अपमान झाला. सुहासिनीबाईंनी मला न विचारता माझी दहा वजनं पुन्हा तोलली. त्यातली चार चुकलेली निघाली म्हणे.

मी म्हटलं, "बाई, चाळीस वर्षं झाली मला. आपण जन्मायच्या आधीपासून मी काटे लावतोय."

"काटा बरोबरच आहे, हुसेनभाई," त्या म्हणाल्या. "दिवासुद्धा."

एवढंच. चित्र काढत बसल्या. मी टोपी उचलली आणि निघून आलो. उद्यापासून जायचं नाही. मला काय गरज आहे!

६ फेब्रुवारी, गुरुवार

गेलो नाही. दुकानात बसलो. समोरच्या किराणावाल्याची पाटी वाचायचा प्रयत्न केला. पाठ आहे म्हणून वाचता आली. मग त्याच्या शेजारी कालच लागलेला नवीन कापडी फलक पाहिला. तिथे अक्षरं आहेत एवढंच कळलं.

इफ्तारला रोजा सोडताना माझ्या बायकोने, कमरजहांने, खजूर माझ्या हातात दिला. थाळीत ठेवला नाही, हातात दिला. विचार केला तर गेल्या पावसाळ्यापासून ती चहाचा पेलाही हातातच देते. थोरल्या मुलाची पत्रं ती मोठ्याने वाचते. मला वाटायचं, तिला वाचायची हौस आली आहे. सुईत दोरा ओवून ठेवते, माझ्या बटणांना हात लावू देत नाही.

मी विचारलं, "तुला कधीपासून माहीत आहे?"

घरात आमची दखनी चालते. वहीत मी मराठी लिहितो कारण शाळा मराठी. पण ती जे बोलली ते तिच्याच बोलीत लिहितो. "दिखता नै तो नै बोलना जी, उसमें क्या शरम?"

तिला काय सांगू? माझ्या धंद्यात डोळे गेले की माणूस गेला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

जुम्म्याची नमाज पढून तडक बंगल्यावर गेलो. डॉक्टर आणि सुहासिनीबाई दोघेही होते. उभ्यानेच सांगितलं. "साहेब, माझे पन्नासच्या पन्नास आकडे फेकून द्या. मला दोन आणि पाच ओळखू येत नाहीत. दोनशे मिलिग्रॅमच्या जागी पाचशे धरले असणार, पाचशेच्या जागी दोनशे. मी लपवलं नाही, मलाच माहीत नव्हतं. म्हणजे माहीत होतं, पण मी दिव्याला नावं ठेवत होतो."

डॉक्टर बराच वेळ तक्ता बघत राहिले. मला वाटलं, आता पाठवून देतील. ते म्हणाले, "मला हा तक्ता इतका आवडला होता, की मी तपासला नाही. तुमच्यापेक्षा माझी चूक मोठी."

सुहासिनीबाईंनी माझ्यासाठी खुर्ची ओढली. "आकडे मी वाचते. काटा तुम्ही सांभाळा. काटा माझं ऐकत नाही, तुमचं ऐकतो." मग म्हणाल्या, "आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे सोमवारी जायचं. मी नंबर लावलाय. परवाच लावला."

१५ फेब्रुवारी, शनिवार

ईद. शीरखुर्मा चांगला झाला होता. सुहासिनीबाई येऊन दोन वाट्या खाऊन गेल्या. कमरजहांशी त्यांचं इतकं जमलं की मला कोणी विचारलं नाही. सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं, माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा पिकला आहे, त्याचं ऑपरेशन मार्चअखेर.

२० फेब्रुवारी, गुरुवार

पन्नास पुन्हा आणि दहा नवी, अशी साठ वजनं झाली. आज जे पाहिलं ते कसं लिहू?

सुहासिनीबाई आकडा वाचायच्या आणि मी मनात मांडणी करायचो. तेरा पूर्णांक सहा. तेरा पूर्णांक सहा. तेरा पूर्णांक सहा. त्याहून मोठा आकार, सत्तावीस पूर्णांक दोन. पुन्हा तोच. लहान आकार, सहा पूर्णांक आठ. त्याहून लहान, तीन पूर्णांक चार. एकाची दुप्पट, दुपटीची दुप्पट. एकाचं निम्मं, निम्म्याचं निम्मं. एका घरातलं वजन, दुसऱ्या गल्लीतलं, तिसरं विहिरीतलं. केसाचाही फरक नाही.

वाचता वाचता सुहासिनीबाईंचा आवाज बारीक होत गेला. शेवटचे पाच-सहा आकडे त्या कुजबुजल्यासारखे बोलल्या. मशिदीत माणूस आपोआप हळू बोलतो, तसं झालं होतं.

त्यांनी विचारलं, "पण दुप्पट-निम्मंच का? दहाचं का नाही?"

हे मला येत होतं. मी म्हटलं, "बाई, मातीचं एक ढेकूळ घ्या. नुसता काटा आहे, वजन एकही नाही. दोन्ही पारड्यांत सारखी होईपर्यंत वाटा. झालं निम्मं. पुन्हा वाटा. पाव झालं. काटा आपणहून निम्मं करून देतो, दहावा भाग करून देत नाही. आपले सोळा छटाक असेच आले असणार. सोळा आणे तसेच. सरकारने गेल्या सहा-सात वर्षांत बंद केलं ते बहुतेक यांच्यापासून चालत आलं होतं."

शेवटचं मी उगीच बोललो. डॉक्टर म्हणाले, ते सिद्ध करता येणार नाही. नसेल येत. पण काट्याचा स्वभाव तोच आहे, आणि तो त्या माणसाला माहीत होता.

घरी चालत येताना फूटपाथवर दोनदा थांबलो.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आता वेशीजवळच्या खड्ड्यातले तुकडे काढले आहेत. डॉक्टरांचा टाकाऊ माल. सुहासिनीबाई तुकड्याला तुकडा जुळवतात. सतरा वजनं जुळली. एकेका वजनाचे सगळे तुकडे मी पारड्यात ठेवतो, त्या वाचतात.

एकही बरोबर नाही! बारा पूर्णांक सात. पंचवीस पूर्णांक एक.

डॉक्टर म्हणाले, "साहजिक आहे. घडवताना फुटली म्हणून टाकली."

मी तुकडे बोटांनी चाचपत होतो. डोळे नाहीत, पण बोटं आहेत. म्हटलं, "साहेब, घडवताना फुटलं तर अर्धवट घासलेलं हवं. हे पूर्ण घासलेलं आहे. कोपरे बोथट झालेत, म्हणजे पुष्कळ वर्षं पिशवीतून, पारड्यातून फिरलं आहे. आणि हे बघा, पाच बाजू गुळगुळीत आणि खालची एकच खरखरीत. ही नंतर घासली आहे. चोरून."

सुहासिनीबाईंनी भिंग लावलं. "एकाच दिशेने ओरखडे," त्या म्हणाल्या. मग कपाटातून उत्खननाची नोंदवही काढली आणि खड्ड्याचं पान शोधलं. कारखान्याचा उकिरडा असेल तर दगडाच्या कपच्या, चुरा, अर्धे घडवलेले तुकडे हवेत. नोंद त्यांच्याच अक्षरात होती. खड्ड्यात कपच्या नाहीत. चुरा नाही. त्यांनी वही डॉक्टरांसमोर ठेवली.

डॉक्टर म्हणाले, "तुकडे गहाळ झाल्यामुळेही वजन कमी भरेल. सगळी होऊ देत."

२ मार्च, सोमवार

सतराही झाली. तेरा हलकी. चार मात्र जड निघाली, चांगली अर्ध्या ग्रॅमच्या वर.

डॉक्टर म्हणाले, "बघा हुसेनभाई. खोटी वजनं म्हणता, तर जड का? दुकानदार स्वतःचं नुकसान करून घेईल का?"

मला हसूच आलं. रोखता आलं नाही. "साहेब, हलकी विकायला, जड घ्यायला! शेतकऱ्याचं धान्य घेताना जड वजन, गिऱ्हाइकाला देताना हलकं. अशी जोडी मी पंचवीस दुकानांत तरी पाहिली असेल. आणि तुकडे गहाळ होऊन वजन वाढत तर नाही ना?"

मीच पुढे बोललो. "ही फुटलेली नाहीत. फोडली आहेत. प्रत्येकावर एकच घाव आहे, मधोमध. आमचे वजनमापांचे इन्स्पेक्टर बाजारात दगडाचं वजन सापडलं की असंच करतात. वेशीजवळ का, तर गावात शिरणाऱ्या प्रत्येकाला ढीग दिसावा. पण आपण म्हणता ते गाव होतं, तेवढं मला पटत नाही. गावात कोण खोटं तोलतो ते सगळ्यांना माहीत असतं. तिथे इन्स्पेक्टर कशाला लागतो? तो लागतो, जिथे विकणारा आणि घेणारा पुन्हा एकमेकांना भेटणार नाहीत तिथे."

डॉक्टर उठून व्हरांड्यात गेले. कठड्याला हात टेकून अर्धा तास तसेच उभे होते. त्यांना बहुधा पित्ताचा त्रास आहे. मी सुहासिनीबाईंना म्हटलं, सुंठ-साखर द्या. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "हुसेनभाई, आपण आत्ता काय केलंत ते आपल्याला खरंच माहीत नाही का?"

मी काही जास्त बोललो का?

५ मार्च, गुरुवार

डॉक्टरांनी विचारलं, की तो फोडण्याचा प्रकार प्रत्यक्ष पाहता येईल का. इन्स्पेक्टर जयसिंग मोहिते माझ्या चांगल्या ओळखीचे. आज विश्रांतवाडीला बाजाराच्या दिवशी त्यांची तपासणी होती. तिघेही गेलो.

मोहितेसाहेबांनी झाडाखाली टेबल मांडलं होतं. एका कांदेवाल्याकडे दगडाचं वजन सापडलं. तो म्हणाला, "साहेब, घरचंच हाय, बरोबर हाय." काट्यावर घातलं, कमी भरलं. मोहितेसाहेबांनी ते फरशीवर ठेवलं आणि हातोड्याने एक घाव घातला. मधोमध. दोन मोठे तुकडे, तीन कपच्या. तुकडे पायाने बाजूला सारले. तिथे सकाळपासूनचा ढीग होता.

डॉक्टर त्या ढिगाजवळ उकिडवे बसले. एवढा मोठा माणूस, धोतराला माती लागली तरी लक्ष नाही. तुकडे जुळवून बघत होते. सुहासिनीबाई तिथेच बसून चित्र काढायला लागल्या.

मोहितेसाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "मिस्त्री, या मंडळींना दगड आवडतात का?"

मी म्हटलं, "साहेब, चार हजार वर्षांपूर्वी तुमची पोस्ट होती. त्याचा तपास चाललाय."

त्यांनी चेष्टा समजून हसायला सुरुवात केली. मग माझं तोंड पाहिलं आणि थांबले. टोपी काढून हातात धरली. "तेव्हापासून?" एवढंच म्हणाले. मग नंतरच्या भाजीवालीचा काटा त्यांनी जरा जास्तच काळजीने तपासला.

१४ मार्च, शनिवार

कॉलेजच्या सभागृहात परगावचे विद्वान जमले होते. मी शेवटच्या रांगेत, कमरजहां शेजारी. समोर मला नुसता पांढरा ढग दिसत होता, पण डॉक्टरांचा आवाज स्पष्ट होता.

त्यांनी सुरुवातच अशी केली. "चार वर्षांपूर्वी मी लिहिलं की खारीसर हे नगर नव्हतं. ते विधान मी आज मागे घेतो." सभेत चुळबूळ झाली.

मग त्यांनी सांगितलं, "आपण नगर शोधताना भिंती मोजतो, रस्त्यांची रुंदी मोजतो, धान्याची कोठारं मोजतो. खारीसरची भिंत बुटकी, कोठार लहान, म्हणून मी त्याला गाव म्हटलं. पण अनोळखी माणसांना एकमेकांवर विश्वास ठेवता यावा म्हणून कुणीतरी पहारा देतो, तिथे नगर असतं. त्या पहाऱ्याचा पुरावा आमच्या खोक्यात सात वर्षं पडून होता आणि आम्ही त्यावर टाकाऊ अशी चिठ्ठी लावली होती."

एक म्हातारे विद्वान उठून म्हणाले, सतरा फुटक्या वजनांवरून एवढा मोठा निष्कर्ष? डॉक्टर म्हणाले, "बरोबर आहे. पुढच्या मोसमात वेशीची दुसरी बाजू खणू. तिथे काही निघालं नाही, तर हेही मागे घेईन."

मला हा माणूस फार आवडला. मग त्यांनी माझं नाव घेतलं. हुसेन शिकलगार, शनिवार पेठ. टाळ्या झाल्या. कमरजहांने मला उठवायचा प्रयत्न केला. मी बसूनच राहिलो. डॉक्टरांना चार वर्षांपूर्वीचं बोलणं मागे घ्यावं लागलं ते माझ्यामुळे, हे मला आत्ता, तिथे बसल्यावर कळलं. त्या दिवशी पित्त नव्हतं.

सभा संपल्यावर मी त्यांचा हात धरला आणि माफी मागायला लागलो. ते म्हणाले, "हुसेनभाई, माझं गाव गेलं आणि मला नगर मिळालं. माफी कसली?"

२९ मार्च, रविवार

उद्या ऑपरेशन. डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात, आठ दिवस डोकं हलवायचं नाही. दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवतात म्हणे. भीती वाटते. लिहून टाकलं.

१९ एप्रिल, रविवार

ही नोंद अंदाजाने लिहितो आहे. उजव्या डोळ्यावर पट्टी, डाव्याचं तर माहीतच आहे. ओळी एकमेकींवर चढल्या असतील. कमरजहां म्हणते मी लिहिते, पण हे मला स्वतःला लिहायचं आहे. ऑपरेशन चांगलं झालं. महिन्याने चष्मा मिळेल.

सकाळी सुहासिनीबाई आल्या. खात्याकडे नवा माल आला आहे, एवढं बोलून माझ्या तळहातावर त्यांनी एक दगड ठेवला. मी विचारही केला नाही. तोंडातून निघालं, "सत्तावीस. वर थोडं. सत्तावीस पूर्णांक दोन."

मला वाटलं, चुकलो.

"काल मी तोललं," त्या म्हणाल्या. "सत्तावीस पूर्णांक दोन."

मी म्हटलं, त्यात काय. तीन महिने हेच हाताळतोय. शेराचं वजन हाताला चाळीस वर्षांत बसलं, किलोचं अजून बसलं नाही. खारीसरचं लवकर बसलं एवढंच.

"हे खारीसरचं नाही, हुसेनभाई," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या टेकाडातलं आहे. खारीसरपासून दोनशे मैल. मध्ये वाळवंट आहे आणि एक नदी आहे. त्या माणसांनी खारीसर पाहिलंसुद्धा नसेल."

मी दगड परत दिला नाही. मूठ मिटून धरून ठेवला. त्याही मागत नव्हत्या. कमरजहांने चहा आणला, तोही निवला.

दोनशे मैल कोणीतरी चालत गेला असेल, किंवा गलबताने, मण्यांची पिशवी घेऊन. दाढी वाढलेली, भाषा येत नाही, वेशीतून आत शिरताना छाती धडधडते आहे. कोणी ओळखीचं नाही. बाजारात बसलेल्या पहिल्या दुकानदारासमोर तो पिशवी सोडतो. दुकानदार काही न बोलता पारड्यात दगड ठेवतो, आणि या माणसाला तो दगड दुरूनच ओळखू येतो. मग तो खाली बसतो, घाम पुसतो आणि पाणी मागतो.